आठ लाख कोटी डॉलरचं बिल कसं वाचायचं: ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ या मोफत सेवेचं परीक्षण

एखाद्या युद्धाचा खर्च शोधायला बसलं की बहुतेक ठिकाणी दोनच आकडे हाती लागतात. एक, संरक्षण खात्याने मंजूर करून घेतलेली रक्कम. दोन, आपल्या बाजूचे मेलेले सैनिक. या दोन आकड्यांवर लेख लिहिले जातात, वर्गात शिकवलं जातं, टीव्हीवर चर्चा झडतात. कर्जाचं व्याज, जखमी सैनिकाचा पन्नास वर्षांचा दवाखाना, बंद पडलेल्या इस्पितळामुळे गेलेलं मूल, गाव सोडून तंबूत राहिलेलं कुटुंब हे त्यात कुठेच नसतं. हे सगळं एका जागी मांडायचा सर्वांत नेटका प्रयत्न म्हणजे अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचा ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ हा प्रकल्प. त्याचं संकेतस्थळ सर्वांना खुलं आहे. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही, अहवाल पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात.

ज्यांना आकडे वापरून काही लिहायचं किंवा शिकवायचं आहे, म्हणजे पत्रकार, अर्थशास्त्र-राज्यशास्त्राचे शिक्षक, स्पर्धा परीक्षांची मुलं, त्यांच्या नजरेतून हे परीक्षण आहे. मत आधीच सांगून टाकतो. पैशांच्या भागाला पाचपैकी साडेचार गुण. माणसांच्या भागाला साडेतीन. तो भाग हलका आहे म्हणून हा फरक नाही. तिथले आकडे वापरायला अवघड आहेत आणि संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर ती अडचण पुरेशी दिसत नाही.

प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. नेटा क्रॉफर्ड आणि कॅथरीन लुट्झ या दोघी अभ्यासकांनी तो उभा केला, पुढे स्टेफनी सावेल यांनी धुरा घेतली. मुख्य विषय ठरलेला आहे: ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने अफगाणिस्तान, पाकिस्तान, इराक, सीरिया, येमेन आणि इतरत्र चालवलेली युद्धं. जगातल्या प्रत्येक युद्धाचा हिशेब इथे मिळणार नाही. युक्रेनसाठी इथे येणाऱ्याला दुसऱ्या दाराने जावं लागतं, त्याबद्दल पुढे येईलच.

पैशांचा तक्ता

सुरुवात अफगाणिस्तानच्या तक्त्यापासून करावी, कारण तो छोटा आहे आणि संपूर्ण पद्धत त्यात दिसते. २००१ ते आर्थिक वर्ष २०२२ या काळाचा एकूण खर्च २,३१३ अब्ज डॉलर असा आहे. यात पाकिस्तानातल्या कारवायाही धरल्या आहेत. त्याच्या पाच ओळी अशा: संरक्षण खात्याचा युद्धासाठीचा खास निधी १,०५५ अब्ज, परराष्ट्र खात्याचा खास निधी ६० अब्ज, युद्धामुळे संरक्षण खात्याच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात झालेली वाढ ४३३ अब्ज, माजी सैनिकांची तोवरची देखभाल २३३ अब्ज, आणि युद्धासाठी काढलेल्या कर्जावरचं व्याज ५३२ अब्ज. बेरीज करून पाहा, बरोबर २,३१३ येते. असा तक्ता देणाऱ्याचा भरवसा वाटतो.

आता याच युद्धाचा सरकारी आकडा घ्या. अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी विशेष महानिरीक्षकांच्या ऑगस्ट २०२१ च्या अहवालात संरक्षण खात्याचा लढाईवरचा खर्च ८३७ अब्ज आणि पुनर्बांधणीचा १४५ अब्ज आहे. दोन्ही मिळून ९८२ अब्ज. म्हणजे विद्यापीठाचा आकडा सरकारी आकड्याच्या दुपटीहून बराच वर जातो. यात कुणी खोटं बोलत नाही. फरकाचा मोठा वाटा तीन ओळींचा आहे: व्याज, माजी सैनिक आणि अंदाजपत्रकातली वाढ. तिन्हींची बेरीज १,१९८ अब्ज होते. रणांगणावर खर्च झालेल्या पैशापेक्षा त्या रणांगणामुळे इतरत्र सुटलेलं बिल मोठं आहे.

‘खास निधी’ ही ओळ आपल्या वाचकाला पटकन कळेल. विधिमंडळात मूळ अर्थसंकल्पानंतर पुरवणी मागण्या येतात, तसाच हा प्रकार. अमेरिकेने या युद्धांचा पैसा आधी तातडीच्या पुरवणी मंजुऱ्यांमधून आणि नंतर ‘परदेशी आकस्मिक कारवाया’ अशा नावाच्या स्वतंत्र खात्यातून काढला. २०११ मध्ये खर्चावर कायद्याने मर्यादा आली तेव्हा हे खातं त्या मर्यादेबाहेर राहिलं. त्यामुळे युद्धाशी दूरचा संबंध असलेले खर्चही त्यात सरकवले गेले. आर्थिक वर्ष २०२२ पासून हे वेगळं खातं बंद झालं. त्यानंतरचा युद्धखर्च नेहमीच्या अंदाजपत्रकात मिसळलेला असल्याने वेगळा काढणं आणखी कठीण झालं आहे. २०२१ नंतरचे ताजे आकडे तितक्या नेमकेपणाने का मिळत नाहीत, याचं एक कारण हे आहे.

सर्व युद्धांची मिळून जी मोठी बेरीज सगळीकडे फिरते ती ८ ट्रिलियन डॉलर, म्हणजे आठ लाख कोटी. तिचे दोन तुकडे आहेत आणि ते वेगळे ठेवायलाच हवेत. सुमारे ५.८ लाख कोटी हा आर्थिक वर्ष २०२२ पर्यंत झालेला खर्च आणि मागितलेला निधी. उरलेले सुमारे २.२ लाख कोटी हे माजी सैनिकांवर २०५० पर्यंत करावा लागेल असा अंदाजित खर्च. ‘अमेरिकेने आठ लाख कोटी डॉलर खर्च केले’ असं भूतकाळी वाक्य लिहिलं की चूक झाली. चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम अजून द्यायची आहे.

हा भविष्यातला तुकडा हार्वर्डच्या लिंडा बिल्म्स यांच्या कामावर उभा आहे आणि संपूर्ण प्रकल्पातला हा सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. सैनिक तरुणपणी जखमी होतो, पण त्याचा औषधपाण्याचा आणि अपंगत्व भत्त्याचा खर्च साठी-सत्तरीत शिगेला जातो. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या भत्त्यांचा सर्वाधिक खर्च १९६९ मध्ये झाला, म्हणजे युद्ध संपून अर्धं शतक उलटल्यावर. २००१ नंतरच्या युद्धांतल्या ४० टक्क्यांहून जास्त माजी सैनिकांना आजन्म अपंगत्व भत्ता मंजूर झालेला आहे. दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम या पिढ्यांत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली होतं. रणांगणावरचे उपचार सुधारले, पूर्वी जो दगावला असता तो वाचला, आणि त्याच्या जखमेचा खर्च पुढची पन्नास वर्षं वहीत चढत राहिला. बिल किती लांबू शकतं याचं टोकाचं उदाहरण पाहा. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. त्याचं शेवटचं पेन्शन २०२० मध्ये थांबलं. एका सैनिकाच्या मुलीला दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते, त्या बाई वारल्या तेव्हा ते खातं बंद झालं.

व्याजाची ओळ तितकीच महत्त्वाची आहे. आधीच्या मोठ्या युद्धांत अमेरिकेने कर वाढवले होते, युद्धरोखे विकले होते. या वेळी उलट कर कमी केले आणि युद्ध जवळपास पूर्णपणे उधारीवर लढलं. याच प्रकल्पातल्या हायडी पेल्टियर यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे त्याच दिवशी सगळी युद्धं थांबली असती, तरी जुन्या कर्जाचं एकत्रित व्याज २०३० पर्यंत दोन लाख कोटींच्या वर आणि २०५० पर्यंत साडेसहा लाख कोटींवर जाणार होतं. हे भविष्यातलं व्याज आठ लाख कोटींच्या बेरजेत धरलेलं नाही. आकडा फुगवल्याचा आरोप अधूनमधून होतो, त्याला हे एक सरळ उत्तर आहे.

तरी आक्षेप आहेत आणि ते बाजूला सारू नयेत. पहिला, देशांतर्गत सुरक्षेवरचे सुमारे १.१ लाख कोटी डॉलर या बेरजेत आहेत. विमानतळावरची झडती हा इराक युद्धाचा खर्च आहे का? दहशतवादविरोधी धोरणाची एकूण किंमत मांडायची असेल तर आहे. दोन युद्धांची तुलना करायची असेल तर ही ओळ वजा करावी. दुसरा, अंदाजपत्रकातली ‘युद्धामुळे झालेली वाढ’ सुमारे ८८४ अब्ज धरली आहे. युद्ध नसतं तर अंदाजपत्रक किती वाढलं असतं, या गृहीतकावर ती उभी आहे. गृहीतक वाजवी आहे, पण ते गृहीतकच. तिसरा, वेगवेगळ्या वर्षांतले डॉलर त्या-त्या वर्षाच्या किमतीत बेरजेला घेतले आहेत. २००३ चा डॉलर आणि २०२१ चा डॉलर एकाच तराजूत बसत नाहीत. त्यामुळे व्हिएतनाम किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या महागाई-समायोजित आकड्याशेजारी हा आकडा थेट ठेवू नये.

मराठीत आकडा उतरवताना

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडं थांबतो. मिलियन म्हणजे दहा लाख. बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ‘खर्व’, ‘निखर्व’ हे शब्द टाळावेत, कारण वाचकाला त्यांतली शून्यं आठवत नाहीत आणि लिहिणाऱ्यालाही बहुधा नाही. ३८ मिलियन विस्थापित म्हणजे ३ कोटी ८० लाख. त्याचे ३८ कोटी झालेले दिसले तर ती एका शून्याची चूक आहे.

वीस वर्षांची डॉलरमधली बेरीज आजच्या दराने गुणून रुपयांत सांगायचा मोहही आवरावा. २००१ मध्ये डॉलर ४७ रुपयांच्या आसपास होता, २०२१ मध्ये ७४ च्या. आजच्या दराने गुणलं की कधीच खर्च न झालेले रुपये तयार होतात. डॉलरमध्येच लिहा आणि तुलनेला एखादी डॉलरमधलीच गोष्ट द्या. याच प्रकल्पाच्या एका अहवालात अशी तुलना तयार आहे: दहा लाख डॉलर लष्करावर खर्चले तर सरासरी ६.९ रोजगार, आरोग्यसेवेवर १४.३, शिक्षणावर १५.२. हे अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचे गुणांक आहेत, भारताला लावता येत नाहीत, पण मुद्दा वर्गात लगेच पोचतो.

माणसांचा हिशेब

आता अवघड भाग. मे २०२३ च्या अहवालात सावेल यांनी मांडलेला आकडा असा: युद्धाच्या हिंसेत थेट मेलेले ९ लाख ५ हजार ते ९ लाख ४० हजार, उपासमार, रोगराई, मोडलेली आरोग्यव्यवस्था यांमुळे अप्रत्यक्षपणे मेलेले ३६ ते ३८ लाख, एकूण ४५ ते ४७ लाख.

अप्रत्यक्ष मृत्यूंचा आकडा आला कुठून? ९,०५,००० ला ४ ने गुणा: ३६,२०,०००. ९,४०,००० ला ४ ने गुणा: ३७,६०,०००. बस, इतकंच. घरोघरी मोजणी झालेली नाही. सशस्त्र हिंसेबाबतच्या जिनिव्हा जाहीरनाम्याच्या सचिवालयाने २००८ मध्ये अनेक युद्धांचे अभ्यास एकत्र करून एका थेट मृत्यूमागे साधारण चार अप्रत्यक्ष मृत्यू, असं सावध सरासरी प्रमाण सुचवलं होतं. तेच इथे वापरलं आहे. त्याच अहवालात हे प्रमाण वेगवेगळ्या युद्धांत तीनपासून पंधरापर्यंत बदलतं असंही नोंदवलेलं आहे. सावेल यांच्या अहवालात हे स्पष्ट लिहिलंय आणि नेमका आकडा अज्ञात असल्याचंही सांगितलंय. पण ४५ लाख हा आकडा एकदा मथळ्यात चढला की गुणाकार खाली राहतो. इथे गुण कापले ते यासाठी: पहिल्या पानावर थेट मृत्यू आणि अंदाजित मृत्यू यांच्यात ठळक रेघ हवी होती.

हे प्रमाण इतकं का बदलतं? युद्धाआधी देश किती सावरलेला होता यावर ते ठरतं. ज्या देशात लसीकरण, नळाचं पाणी, जवळचं इस्पितळ होतं तिथे ते कोसळायला वेळ लागतो. जिथे आधीच कुपोषण होतं तिथे रस्ता बंद झाला, धान्याचा ट्रक थांबला, की पाच वर्षांखालची मुलं आधी जातात, अतिसार आणि न्यूमोनिया अशा साध्या आजारांनी. येमेनचं प्रमाण आणि इराकचं प्रमाण एकच असेल असं मानायला आधार नाही.

आपल्याला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कित्येक गावांत इंग्रजांनी बसवलेले दगड आहेत: या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांतले इतके मरण पावले. मराठा पलटणी तेव्हा याच इराकात, मेसोपोटेमियात लढत होत्या. सहावी पूना डिव्हिजन कुत-अल-अमारात वेढली गेली आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली. दगडावर फक्त पलटणीतली माणसं मोजली आहेत. १९१८ मध्ये फ्लूची साथ मुंबई बंदरातून आत शिरली, गावोगाव तिला मानमोडी म्हणू लागले, आणि हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं त्यात गेली. युद्धाने हललेली जहाजं, सैनिकांची ने-आण, वर धान्याची टंचाई. यांतले किती मृत्यू युद्धाच्या नावे टाकायचे? दगड म्हणतो शून्य. ते उत्तर नक्की चुकीचं आहे. बरोबर उत्तर काढायला शंभर वर्षांनंतरही घाम फुटतो.

थेट मृत्यूंच्या आकड्याबाबतही दोन गोष्टी तळटीपा वाचल्याशिवाय कळत नाहीत. यात सगळ्या बाजूंचे मृत्यू आहेत: नागरिक, स्थानिक सैनिक-पोलीस, विरोधी लढवय्ये, अमेरिकी सैनिक, कंत्राटी कामगार, पत्रकार, मदतकार्यकर्ते. अफगाणिस्तानच्या रकान्यात देशाचे स्वतःचे सैनिक-पोलीस सुमारे ६९ हजार आणि नागरिक ४६ हजारांवर आहेत, अमेरिकी सैनिक २,३०० च्या आसपास. आणि हे त्या युद्धक्षेत्रातले मृत्यू आहेत, कुणीही मारलेले. सीरियातली मोजणी सप्टेंबर २०१४ पासून, म्हणजे अमेरिका तिथे उतरल्यापासून सुरू होते, पण त्यात असद सरकारच्या आणि रशियाच्या बॉम्बखाली गेलेलेही आहेत. ‘अमेरिकेने नऊ लाख माणसं मारली’ हे वाक्य या तक्त्याच्या आधारे लिहिता येत नाही. ‘या युद्धांत नऊ लाखांवर माणसं थेट हिंसेत गेली’ हे लिहिता येतं.

एक ओळ मात्र काळजाला भिडते आणि तिच्यात गोंधळ कमी आहे. २०२१ च्या अहवालात या युद्धांच्या काळातल्या अमेरिकी सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या आत्महत्या ३०,१७७ धरल्या आहेत. युद्धमोहिमांत मेलेले ७,०५७. चौपटीहून जास्त. कोणत्याही सरकारी विजयस्तंभावर ही माणसं नाहीत.

एकाच देशाचे तीन आकडे

या सेवेवर एकटीवर विसंबू नये. का, ते इराकवरून दिसतं. २००६ च्या मध्यापर्यंत हिंसेत किती मेले? एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पाहणीने १,८४९ घरांना भेट देऊन सुमारे ६ लाख सांगितले. इराक सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीने ९,३४५ घरं घेऊन सुमारे १ लाख ५१ हजार सांगितले. ‘इराक बॉडी काउंट’ ही ब्रिटनमधली नोंद बातम्या आणि शवागारांच्या नोंदींतून फक्त नागरिकांची हिंसक मृत्यूंची यादी ठेवते. तिचा आकडा त्याहून बराच खाली.

कारणं समजून घेतली की चिडचिड कमी होते. पहिल्या पाहणीत ४७ समूह, म्हणजे शेजारशेजारच्या घरांचे गट, होते; समूह कमी असले की एक-दोन रक्तबंबाळ मोहल्ले संपूर्ण देशाचा आकडा वर ओढतात. दुसऱ्या पाहणीत नमुना मोठा, पण सुमारे ११ टक्के ठिकाणी धोक्यामुळे जाताच आलं नाही, आणि तीच ठिकाणं सर्वांत वाईट. तिथला आकडा दुसऱ्या स्रोतावरून भरावा लागला. शिवाय प्रश्न विचारणारा सरकारी माणूस असेल तर घरातला मुलगा कुणी मारला हे लोक सांगतीलच असं नाही. तिसरीचं बंधन उघड आहे: बातमी झाली नाही तर नोंद नाही. म्हणून तिचा आकडा ‘किमान इतके’ असाच वाचायचा.

पाहणीवर आधारलेल्या आकड्यात आणखी एक खोच असते: युद्ध नसतं तर किती मेले असते. दर हजारी दरमहा मृत्यूंचा हा मूळ दर अर्ध्या आकड्याने चुकला, तरी एक कोटी लोकसंख्येत महिन्याला पाच हजार आणि वर्षाला साठ हजार मृत्यू इकडचे तिकडे होतात. काँगोच्या युद्धाचा ५४ लाखांचा आकडा वर्षानुवर्षं वादात आहे तो याच कारणाने.

रोजच्या कामासाठी स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाची संघर्ष-माहिती जोडीला ठेवावी. तिथे प्रत्येक घटनेला किमान, सर्वांत विश्वासार्ह आणि कमाल असे तीन आकडे असतात आणि फाइल मोफत उतरवता येते. मर्यादा हीच की संघटित हिंसेतले थेट मृत्यूच मोजले जातात. उपासमारीने गेलेला तिथे दिसत नाही. वर्षाला २५ मृत्यूंच्या खालचे संघर्ष यादीत येत नाहीत.

युक्रेनसाठी दुसरं दार

युक्रेनचा पैशांचा हिशेब हवा असेल तर जागतिक बँक, युक्रेन सरकार, युरोपीय आयोग आणि संयुक्त राष्ट्रं मिळून काढतात तो नुकसान व गरजांचा अहवाल घ्यावा. फेब्रुवारी २०२५ मधल्या चौथ्या आवृत्तीत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतची मोजणी आहे. त्यात तीन वेगळे शब्द आहेत आणि तिघांची बेरीज करणं ही नेहमीची घोडचूक. ‘नुकसान’ म्हणजे पडलेल्या घराची, पुलाची, वीजकेंद्राची किंमत: १७६ अब्ज डॉलर. ‘तोटा’ म्हणजे बुडालेलं उत्पन्न, वाढलेला खर्च, राडारोडा उचलणं: ५८९ अब्ज. ‘गरज’ म्हणजे पुढच्या दहा वर्षांत परत उभं करायला लागणारा पैसा: ५२४ अब्ज. पडलेलं घर नुकसानात आहे आणि तेच परत बांधणं गरजेत आहे, म्हणून बेरीज केली की एकच घर दोनदा मोजलं जातं. गरजेचा आकडा नुकसानाहून मोठा दिसतो, कारण नवं घर आजच्या भावाने, चांगल्या दर्जाने, विम्यासकट बांधायचं धरलं आहे.

या अहवालात लष्करी खर्च नाही आणि माणसाच्या जिवाची किंमतही लावलेली नाही. म्हणजे ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’च्या आठ लाख कोटींशी त्याची तुलना होऊच शकत नाही. एक आहे हल्ला करणाऱ्या देशाच्या तिजोरीचा हिशेब, दुसरा हल्ला झेललेल्या देशाच्या भिंतींचा. ब्राऊनच्या प्रकल्पात सर्वांत मोठी उणीव कोणती असेल तर हीच: अफगाण शेतकऱ्याचं, इराकी दुकानदाराचं बिल तिथे डॉलरमध्ये नाही. त्यांचे मृत्यू मोजले, विस्थापन मोजलं, पण बुडालेली पिकं आणि शाळेविना गेलेली वर्षं कुणी तक्त्यात मांडलेली नाहीत.

विस्थापनाचा भाग मात्र चांगला आहे. अमेरिकन युनिव्हर्सिटीतल्या डेव्हिड व्हाईन यांच्या गटाने आठ देशांतले ३ कोटी ८० लाख विस्थापित काढले, देशांतर्गत आणि देशाबाहेरचे दोन्ही. परत आलेल्यांचा आकडाही वेगळा दिला आहे, तो वगळून लिहू नये. पर्यावरणाच्या भागात इंधनाचा हिशेब आहे: २००१ ते २०१७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याचं उत्सर्जन सुमारे १.२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकं. गाझा युद्धावरही ऑक्टोबर २०२४ चा अहवाल आहे, त्याप्रमाणे पहिल्या वर्षात अमेरिकेने इस्रायलला किमान १७.९ अब्ज डॉलरची लष्करी मदत दिली.

वापरायची रीत

मुख्य पानावरचा आकडा तिथूनच उचलू नका. त्याखालचा अहवाल उघडा, तक्ता शोधा, तक्त्याखालच्या टिपा वाचा आणि तीन गोष्टी आकड्याशेजारीच लिहून ठेवा: कोणत्या तारखेपर्यंतचा, कोणाचा धरून, मोजलेला की अंदाजलेला. ८ लाख कोटी हा सप्टेंबर २०२१ चा आहे, ४५ लाख हा मे २०२३ चा. दोन्ही एका वाक्यात आले तरी तारखा वेगळ्या द्याव्यात. मोबाइलवर तक्ते वाचायला त्रास होतो, पीडीएफ संगणकावर उघडलेली बरी. आणि जुनी प्रत जपून ठेवावी, कारण आकडे सुधारले जातात आणि वर्षभराने कुणी विचारलं तर दाखवायला ती लागते.

वर्गात घ्यायचं असेल तर अफगाणिस्तानचा पाच ओळींचा तक्ता फळ्यावर लिहा. शेजारी तारीख लिहा: ३० ऑगस्ट २०२१, काबूलहून शेवटचं अमेरिकी लष्करी विमान उडालं तो दिवस. मग मुलांना विचारा, या तारखेनंतर कोणत्या ओळी थांबल्या आणि कोणत्या चालू राहिल्या. खास निधीच्या दोन ओळींवर मुलं लगेच रेघ मारतील. मग ४३३ अब्जांच्या ओळीवर वाद होईल, तो होऊ द्यावा. माजी सैनिक आणि व्याज या दोन ओळींसमोरची जागा २०५० पर्यंत मोकळी ठेवावी लागेल.